45 हजारांची यादी आणि माळ्यावरचा तवा

पत्र थोडक्यात : वाचक ताई 42 वर्षांच्या. राहायला कोल्हापुरात रंकाळ्याजवळ, फ्लॅटमध्ये. सकाळी साडेनऊला नोकरीसाठी घर सोडतात, परत यायला संध्याकाळचे साडेसहा होतात. यजमान शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर, मुलगा नववीत, घरात 71 वर्षांच्या सासूबाई. दोन महिन्यांपूर्वी यजमानांची एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, 6.1 आली. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ताच नको. खाणं बदला, रोज चाला, तीन महिन्यांनी परत बघू." तेव्हापासून ताईंनी मनावर घेतलंय, की पाकिटातलं आणि मैद्याचं कमी करायचं, साखर बंद करून गूळ वापरायचा, धान्य-कडधान्य आणून सगळं घरी करायचं. त्यासाठी त्यांनी यादी केली : घरघंटी, कोल्ड प्रेस ज्युसर, एअर फ्रायर, जास्त ताकदीचा ब्लेंडर आणि मोड आणायचं यंत्र. बेरीज 45 हजारांवर गेली. सासूबाई म्हणतात, "माळ्यावर सगळं पडलंय की गं, ते वापर आदी." माळ्यावर जातं, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा, लाकडी काटवट (भाकरी थापायची परात), खलबत्ता आणि पितळेची दोन पातेली आहेत. यजमान म्हणतात, "घे काय घ्यायचं ते, पण महिन्याभरात तेही माळ्यावरच जाणार." ताई विचारतात : "नवं घेऊ की जुनं काढू? आणि मी एवढं करतेय, तर घरातून साथ का नाही?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. यादीपेक्षा माझी नजर अडली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर : "मध्ये पंधरा दिवस ज्वारीची भाकरी सुरू केली होती, पण कडा फाटतात, तव्यावर टाकताना मोडते, पाच भाकऱ्यांना तास जातो, म्हणून परत चपातीवर आले." खाणं बदलायची सुरुवात तुम्ही केली होती आणि ती अडली ती या भाकरीपाशी. तुमच्या यादीत भाकरीसाठी काय आहे, ते बघा. घरघंटीचा थोडाफार संबंध आहे, बाकी चार वस्तूंचा काहीच नाही.

असं बऱ्याच घरांत होतं. तपासणीचा कागद हातात आला की जीव घाबरतो. काहीतरी मोठं केलं पाहिजे असं वाटतं, आणि मोठं काही करायचं म्हटलं की खरेदी सगळ्यात आधी सुचते. तुमची काळजी मला कळते. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाच्या अलीकडचा पट्टा, 6.5 पासून मधुमेह धरतात. म्हणजे यजमान उंबरठ्यावर आहेत आणि तुम्ही वेळेत जाग्या झाला आहात. पण स्वयंपाकघरातलं साधन घेताना "आरोग्यासाठी काय चांगलं" या प्रश्नाच्या आधी "माझं काम कुठल्या पायरीवर अडतं" हे विचारा. एक आठवडा फ्रिजवर कागद लावा. ठरवलेला पदार्थ झाला नाही, की तिथेच दोन शब्द लिहा : पीठ संपलं होतं, मटकी भिजवायची राहिली, भाजी निवडायला वेळ नव्हता, भाकरी फाटली. आठवड्याने त्या कागदावर जे सगळ्यात जास्त वेळा आलं असेल, पैसा आणि वेळ तिथे घाला. तुमच्या पत्रातून तरी भाकरी पहिली आलेली दिसते, म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

भाकरी फाटते त्यात तुमच्या हाताचा दोष कमी आणि पिठाचा जास्त, असं मला वाटतं. तुम्ही पाकिटातलं पीठ आणत होता. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि आपण जिला विरी म्हणतो, म्हणजे पीठ एकत्र धरून ठेवायची ताकद, ती जुन्या पिठाला राहात नाही. विरी गेलेलं पीठ कितीही मळा, कड फाटणारच. लक्ष्मीपुरीत धान्य बाजारात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मिळतो, तो आणा. निवडून आठवड्यापुरताच, दोन-तीन किलो, जवळच्या गिरणीत द्या. गिरणीवाल्याला सांगा, "ज्वारीवर ज्वारी टाका." आधीच्या गव्हाचं पीठ त्यात मिसळलं नाही, तर तुम्हाला शाळूचं खरं पीठ हातात येईल. बाजरी आणलीत तर त्याहूनही कमी दळा. तिच्यातल्या तेलामुळे पीठ काही दिवसांतच कडू लागतं.

दुसरी गोष्ट पाणी. कोमट चालत नाही, उकळतं हवं. परातीत पीठ घेऊन मध्ये आळं करा, त्यात उकळतं पाणी ओता, चमच्याने कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. त्या वाफेत पीठ थोडं शिजतं आणि त्याला चिकटपणा येतो. मग एका भाकरीपुरताच गोळा घ्या आणि तळहाताच्या मागच्या उंचवट्याने रेटून रेटून मळा. पाच भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवलं, की शेवटची हमखास मोडते. मळलेला गोळा चपटा करून त्याची कड बोटाने दाबून बघा. फाटली तर अजून दहा-बारा वेळा रेटायचं बाकी आहे, असं समजा.

इथे काटवट कामाला येते. स्टीलची परात ओट्यावर सरकते, एक हात तिला धरण्यातच जातो आणि दुसऱ्याने जोर लागत नाही. लाकडी काटवट वजनाने जागची हलत नाही, आणि तिच्या तळावर कोरडं पीठ पसरलं की भाकरी आपोआप फिरते. माझी आई भाकरी थापायची तेव्हा तिचा उजवा हात थापत असायचा आणि डावा कडेला नुसता टेकलेला. ती भाकरीला फिरवते असं मला लहानपणी वाटायचं. मी स्वतः काटवटीवर बसले तेव्हा कळलं, की थापटीच्या जोराने भाकरी स्वतःच फिरते, डावा हात फक्त कड गोल राखतो. तुमची काटवट माळ्यावर बरीच वर्षं पडून असेल. गरम पाणी आणि मिठाने घासा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग खोबरेल तेलाचा हात फिरवा. चीर गेली असेल तर मात्र वापरू नका, त्या फटीत पीठ अडकून कुजतं. तसं असेल तर परातीखाली ओलं फडकं घाला, परात सरकणार नाही. तेवढ्यावर भागेल.

आणि तवा. तुम्ही भाकरी नॉनस्टिकवर करत होता, असं पत्रात आहे. भाकरीला तवा चांगला तापलेला लागतो, आणि नॉनस्टिकचा लेप फार तापवायचा नसतो. 260 अंशांच्या पुढे तो खराब व्हायला लागतो आणि धूर सुटतो. म्हणून तुम्ही आच बारीक ठेवत असणार, भाकरी शिजायच्या ऐवजी वाळत असणार, आणि तासभर जात असणार. बिडाचा तवा जाड असतो, एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाकायची, लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, दुसरी बाजू नीट भाजू द्यायची, आणि शेवटी तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरायची. पापुद्रा टम्म सुटला, की आधीचं सगळं जमलं. हात बसल्यावर पाच भाकऱ्यांना पंचवीस मिनिटं पुरतात. बसायला मात्र दोन-तीन आठवडे द्या. पहिल्या आठवड्यातल्या मोडक्या भाकऱ्या दुधात कुस्करून किंवा आमटीत चुरून खा, त्या वाया जात नाहीत.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, साथीच्या. कारण तो या तव्याशीच जोडलेला आहे.

तुमचे यजमान फौंड्रीत आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात बीड हा हजारो घरांच्या रोजच्या भाकरीचा धातू आहे. बीड तापल्यावर कसं वागतं, गरम बिडावर गार पाणी पडलं तर का तडकतं, गंज कसा धरतो आणि कसा काढायचा, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. माळ्यावरचा तवा त्यांच्या हवाली करा. "बघा, हा वापरात आणता येतो का?" एवढंच विचारा. काथ्या आणि मीठ घेऊन गंज घासायचा, हट्टी डाग असतील तर चिंच लावून थोडा वेळ ठेवायचं, धुऊन लगेच आचेवर कोरडा करायचा. मग जवसाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, इतका की पुसून काढल्यासारखा वाटावा, आणि धूर येईपर्यंत तापवायचं. गार झाला की पुन्हा तसंच. चार-पाच वेळा केलं की तवा काळा आणि तुळतुळीत होतो. जाड तेल लावू नका, ते चिकट राहतं. रविवारची अर्धी दुपार त्यात जाईल. पण ज्या माणसाच्या तब्येतीसाठी हे सगळं चाललंय, त्याचा हात त्यात पहिल्यांदाच लागेल.

तुम्ही विचारता, साथ का नाही. मला असं दिसतं, की यादी तुम्ही एकटीने केली, भाकरी तुम्ही एकटीने थापली, सोडलीही एकटीने. यजमानांच्या ताटात काय वाढायचं हे तुम्ही ठरवता, आणि सासूबाईंचा सल्ला तुम्हाला विरोध वाटतो. कदाचित तो मदत करायची तयारी दाखवायचा त्यांचा एक मार्ग असेल. गुडघे दुखत असले तरी बसून करायची कामं त्या आनंदाने करतील असं तुमच्याच पत्रावरून वाटतं : मेथी-पोकळा निवडणं, लसूण सोलणं, मटकी निवडून भिजत घालणं. तुम्ही साडेसहाला घरात आल्यावर निवडलेली भाजी समोर असली, तर तुमची अर्धी लढाई तिथेच जिंकली. मुलाला संध्याकाळी गिरणीत पाठवा. नववीतल्या मुलाला दोन किलोचा डबा जड नाही. ताई, तुमच्या यादीत पाच यंत्रं आहेत आणि घरात तुमच्याखेरीज सहा हात आहेत. त्या हातांना आधी कामं वाटून द्या, मग यंत्रांचं बघू.

घरघंटी वाईट वस्तू नाही. एक एचपीची मोटर तासभर चालली तर साधारण पाऊण युनिट वीज लागते, म्हणजे चालवायचा खर्च फारसा नाही. पण ती जागा अडवते, आवाज करते, दर दळणानंतर आतून झाडून घ्यावी लागते, धान्याप्रमाणे जाळी बदलावी लागते. ज्या घरातून खाली उतरलं की गिरणी आहे, तिथे मी लगेच घ्यायला सांगणार नाही. ज्यांच्या घरी कुणाला गहू वर्ज्य आहे, म्हणजे सीलिअ‍ॅकचं निदान झालंय, त्यांनी मात्र जरूर घ्यावी. सार्वजनिक गिरणीत ज्वारी आणि नाचणीत गव्हाचा अंश येतोच, आणि त्या माणसाला तेवढाही त्रासदायक ठरतो. जवळ गिरणी नसलेल्या वाड्या-वस्त्यांवरही ती उपयोगाची. तुम्ही तीन महिने गिरणीवर चालवून बघा. फ्रिजवरच्या कागदावर "पीठ नव्हतं" हे वारंवार आलं, तर तेव्हा विचार करा.

गव्हाच्या पिठाबद्दल एक छोटी गोष्ट. चपाती तुम्ही पूर्ण बंद करू नका, करायची गरजही नाही. पण पीठ कुठल्या चाळणीने चाळता ते बघा. बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला, तर पिठातलं चोथ्याचं सत्त्वच केरात जातं. ती चाळण बाजूला ठेवा, रव्याची मोठ्या छिद्राची घ्या, खडे-काडी निघाली की झालं. यात एक पैसाही लागत नाही. खपली गहू मिळाला तर एखादा महिना करून बघा, चपातीला वेगळीच गोडी येते. लाटायला तो थोडा अवघड जातो, एवढं लक्षात ठेवा.

ज्युसर यादीतून आजच खोडा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तुमच्या घरात प्रश्न साखरेचा आहे. एक पेला रसाला तीन-चार संत्री लागतात. ती चार संत्री सोलून कुणी एका बैठकीत खात नाही, पण रस दोन मिनिटांत पिऊन होतो. चोथा गाळणीत राहतो आणि फळातली साखर भराभर रक्तात जाते. तुमच्या घरी संत्रं सोलून खायचं, पेरू चावून खायचा, गाजर-बीट किसून कोशिंबीर करायची. त्याला एक चांगली धारदार किसणी लागते. बोथट किसणीवर गाजराचा लगदा होतो आणि बोटं सोलतात, म्हणून कोशिंबीर मागे पडते. किसणी नवी घ्या. यादीत पहिली खरेदी हीच लिहा.

आणि गुळाचं बोलायला हवं, कोल्हापुरात राहून हे लिहिताना जड जातं तरीही. आपल्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या चवीला तोड नाही, मला स्वतःला भाकरी-तूप-गूळ जिवापाड आवडतं. पण यजमानांच्या रक्ताला गूळ आणि साखर यांत फार फरक कळत नाही. दोन्ही मुख्यतः उसाची साखरच. गुळात थोडे क्षार आहेत, म्हणून तो जास्त खाल्लेला चालतो असं नाही. चहात साखरेच्या जागी गूळ घालून समाधान मानू नका, गोडाचा चमचाच लहान करत जा. भाकरीचंही तसंच. ज्वारीत चोथा चांगला असतो, ती पोटाला धरून राहते, पण तीही पिष्टमय. तीन भाकऱ्या आणि चमचाभर भाजी, याऐवजी एक-दीड भाकरी, वाटीभर उसळ आणि अर्धं ताट भाज्या असं वाढा. नेमकी मापं तुमच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा.

उसळीवरून मोडांकडे. मिसळीच्या गावात मटकीला मोड आणायला यंत्र कशाला, असं मी म्हटलं तर रागावू नका. सकाळी निवडून भिजत घाला, रात्री रोवळीत किंवा चाळणीत उपसून पाणी पूर्ण निथळू द्या, मग सुती फडक्यात सैल बांधून झाकून ठेवा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोड दिसतात. थंडीत आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या झडीत वेळ लागतो, तेव्हा गाठोडं हॉट पॉटमध्ये ठेवायचं. गाठोड्याला वास येतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, पाणी नीट निथळलेलं नसतं. उन्हाळ्यात मधे एकदा गार पाण्यात खळबळून पुन्हा निथळून बांधा. मोडाने जीवनसत्त्व क वाढतं, आणि धान्यातलं लोह अंगी लागायला अडवणारे घटक कमी होतात. वर लिंबू पिळलंत तर लोह आणखी चांगलं लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको. पावसाळ्यात आणि सासूबाईंच्या वयात मोड कच्चे देऊ नका, वाफवून द्या. रोवळी बुरुडाकडून बांबूची मिळाली तर घ्या, वापरली की उन्हात वाळवायची. नाहीतर घरातली स्टीलची चाळणी पुरे.

हुलगे, हरभरे, राजमा यांना कुकरच हवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये दाबामुळे ते 120 पर्यंत जातं, म्हणून कठीण कडधान्य मऊ होतं. भिजवलेले हुलगे घालून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. सारख्या शिट्ट्या करून गॅस जातो, शिजायला त्याने मदत होत नाही. रबर सैल झालं असेल तर बदलून घ्या. वाफ बाजूने गळणाऱ्या कुकरमुळे "आमच्याकडे कडधान्य शिजतच नाही" असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका मला भेटल्या आहेत.

ब्लेंडर नको. घरचा मिक्सर आहे, त्याच्या चटणीच्या भांड्याची पाती बोथट झाली असतील तर बदला. जवस, कारळं, शेंगदाणे यांची कोरडी चटणी मिक्सर थांबत थांबत फिरवूनच करायची, सलग फिरवलं की गरम होऊन तेल सुटतं आणि गोळा होतो. खलबत्ता ओट्यावर कायमचा ठेवा, माळ्यावर नाही. लसूण, मिरची, शेंगदाण्याचा खर्डा पाच मिनिटांत होतो, आणि ताटात खर्डा असला की साधी वाफवलेली भाजीही पुरुष माणसं मुकाट्याने खातात. मीठ त्यात बेताने घाला.

एअर फ्रायर मुलासाठी हवा असेल तर वाढदिवसाला घ्या, त्याला हरकत नाही. आरोग्याच्या खात्यात तो धरू नका.

जात्याच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने नाही. दोन किलो दळायला किती वेळ आणि खांदा लागतो ते त्यांना चांगलं माहीत आहे. शिवाय वर्षानुवर्षं पडलेल्या जात्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने दगडाला पुन्हा खाचा पाडून, घ्यावी लागते आणि ते काम करणारा पाथरवट आता सहज भेटत नाही. जातं तिथेच राहू द्या. पितळेची पातेली कल्हई शाबूत असेल तरच काढा. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी, कढी, कट, ताक यातलं काही आंबट ठेवायचं नाही, ते अंगाला बाधतं. बिडाच्या किंवा लोखंडाच्या भांड्यातही चिंच-टोमॅटोची भाजी तशीच ठेवू नका, काळी पडते आणि धातूची चव येते. पालेभाजी मात्र लोखंडी कढईत करा आणि झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. अन्नात लोह उतरतं ते ओल्या पदार्थात. कोरड्या भाकरीत ते फारसं येत नाही, म्हणून तव्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

असंच पत्र इतरही काही जणांनी पाठवलंय, त्यांच्यासाठी दोन शब्द. विद्यापीठाजवळ खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना एक तीन लिटरचा कुकर, एक सुरी, एक चाळणी आणि एक लोखंडी तवा एवढ्यावर उत्तम जेवता येतं. भाकरी जमत नसेल तर ज्वारीच्या पिठाचं धिरडं घाला, त्याला मळायला लागत नाही. मनगट किंवा अंगठा दुखणाऱ्यांनी काटवटीचा हट्ट सोडावा, भाकरी प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये थापावी किंवा लाटावी. बिडाचा तवा त्यांच्यासाठी फार जड, पातळ लोखंडी चालेल. आणि ज्यांना भाजी चिरायचाच कंटाळा येतो, त्यांनी आधी आपली सुरी तपासावी. टोमॅटोची साल दाबल्याशिवाय कापत नसेल तर तिला धार लावून घ्यावी. विळीवर हात बसलेला असेल तर विळीच सगळ्यात झटपट.

तर ताई, तुमची आत्ताची यादी मी अशी केली असती : किसणी, कुकरचं रबर, मिक्सरची पाती, सुरीला धार, दोन सुती फडकी, आठवड्याचा शाळू. हजारभर रुपयांत हे बसायला हवं. उरलेले पैसे बाजूला ठेवा, त्यातले थोडे कपिलतीर्थ मार्केटच्या भाजीवर खुशाल खर्च करा. चाकवत, पोकळा, अंबाडी मिळेल तेव्हा एकेक पेंढी जास्तच घ्या. महिन्याभराने यजमानांची तपासणी होईल. तीन महिने झाले की फ्रिजवरचे कागद काढून बघा आणि मग घरघंटीचं ठरवा. तपासणीचा निकाल काय आला ते मला जरूर कळवा, मी वाट बघेन.

येत्या रविवारी माळ्यावरून सामान उतरवाल, तेव्हा तवा दोघांनी मिळून धरा. बिडाचा तवा हातातून निसटला तर फरशी फुटते, आणि तवाही.